मत वर्गाबाहेर

संस्थेचे अध्यक्ष बाळासो दादा सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले आणि अनुजाबाईंच्या हातातला खडू मोडला.

"चालू द्या की बाई. माझ्याकडं बघू नगासा," दादा हसत म्हणाले.

कसं बघायचं नाही? गेल्या आठवड्यात जलप्रदूषणाचा धडा शिकवताना बाईंची जीभ घसरली होती. शाळेच्या मागे दादांच्या मेव्हण्याचा कापड रंगवायचा कारखाना. त्याचं पाणी ओढ्यात, आणि ओढ्याच्या काठाला शाळेची बोअर. शाळेच्या नळाला तेच पाणी. 'मला विचाराल तर हे पाणी तोंडात घेऊ नका,' एवढंच त्या पोरांना बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी दादांनी बोलावणं धाडलं. आवाज चढवला नाही, उलट चहा पाजला.

"पर्यावरण शिकवा, आमची ना न्हाय," ते म्हणाले होते. "पण तुमची मतं चपलांबरोबर वर्गाभाईर काढून ठेवा. पुढल्या म्हैन्यात तुमास्नी कायम करायचं हाय. उगं खोळंबा नको."

म्हणून आज तोच धडा पुन्हा.

"पाणी कशामुळे दूषित होतं?" बाई शिकवू लागल्या. "काही जण म्हणतात कारखान्यांमुळे. काहींना तसं वाटत नाही. आपण दोन्ही बाजू लिहून घ्यायच्या."

पोरं मान खाली घालून लिहीत होती. खिडकीतून तो नेहमीचा, डोळ्यांना झोंबणारा वास येत होता. तिसऱ्या बाकावरची दोघं आठवडाभर शाळेत नव्हती. उलट्या थांबत नाहीत म्हणे. आता त्यालाही दोन बाजू असतील! बाईंना स्वतःचीच लाज वाटली. आवाज मात्र कुठेही अडखळला नाही. असला गुळगुळीत आवाज आपल्यापाशी आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

वर्गाची मॉनिटर श्रुती उठून बाहेर गेली. आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं, ही इकडची रीत. ती कुणाला शिकवावी लागत नाही. तिने शाळेच्या नळावरून स्टीलचा पेला भरून आणला आणि दोन्ही हातांनी दादांपुढे धरला.

दादांनी पेल्यात पाहिलं. "ऱ्हाऊ दे, बाळ. आज उपास हाय माझा."

"उपासाला पाणी चालतंय की, दादा."

"माझा कडक असतोय."

लिहिणारे हात थांबले. एकेक करत सगळ्या पोरांनी माना वळवल्या आणि ती दादांकडे बघत राहिली. श्रुतीने पेला खिडकीतून बाहेर ओतला. बाई घाईघाईने पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. दादा उठून दारापर्यंत गेले.

"झ्याक शिकवलासा, बाई. असंच पायजे."

समोरच्या नळावर पोरांची रोजची झुंबड उडाली. श्रुती मात्र टेबलापाशी आली. बाई रोज शहरातून, राजारामपुरीहून एसटीने येत आणि येताना घरचं पाणी आणत. बाटली टेबलावरच होती.

"बाई, तुमच्यातलं घोटभर देता?"

तिने हळूच विचारलं होतं, तरी दारातल्या दादांनी मागे वळून पाहिलं. ते अजून हसतच होते.

बाईंनी बाटली उचलली. द्यावी, असं त्यांना फार वाटलं. झाकण तर नुसतं फिरवायचं होतं.

"नळ चालू आहे की, बाळ," त्या म्हणाल्या.

"व्हय बाई," श्रुती म्हणाली. ती बाहेर गेली, गर्दीत शिरली आणि ओंजळ करून नळाखाली वाकली.