ठरवून केलेली चूक

"मोठ्याने विचार करा," मुलाखत घेणारी मुलगी म्हणाली. "मनात काय चाललंय ते मला कळू दे."

त्याच्या मनात जे चाललं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. फळ्यावरचा प्रश्न वाचून त्याला आनंदाने ओरडावंसं वाटलं होतं. सामान पोचवणाऱ्या गाड्यांना जवळचा रस्ता शोधून देणारा प्रोग्राम! नोकरी होती तेव्हा त्याने असाच प्रोग्राम स्वतः लिहिला होता, वर्षानुवर्षं सांभाळला होता. झोपेतून उठवलं असतं तरी त्याने तो झरझर लिहून दाखवला असता.

पण मुलाखतीच्या क्लासमधल्या सरांनी बजावलं होतं, "येत असलं तरी लगेच लिहायचं नाही. पाठ करून आलाय म्हणतात. आधी अडखळा, एक चूक करा, मग ती स्वतःच पकडा. मोठ्या कंपन्यांना असली माणसं आवडतात."

आजवर तो प्रत्येक ठिकाणी लगेच लिहून मोकळा झाला होता आणि प्रत्येक ठिकाणाहून हात हलवत परतला होता. आता एवढी एकच कंपनी उरली होती. इथेही नाही जमलं, तर बायको आणि मुलीला घेऊन मेव्हण्याकडे राहायला जायचं ठरलं होतं. मेव्हणा तसा भला होता. पण "काय भावजी, कुठे काही हललं का?" असं तो रोज सगळ्यांसमोर विचारणार होता.

मग त्याने जीव तोडून नाटक केलं. तो अडखळला. कपाळ चोळलं. एखादा रस्ता बंद असू शकतो हे जणू सुचलंच नाही, अशा थाटात चार ओळी लिहिल्या आणि एकदम थबकला.

"अरेच्चा! मधला रस्ताच बंद असला तर?"

खोडलं, पुन्हा लिहिलं. आपण इतके बरे नट असू, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

उत्तर बिनचूक आलं. मुलाखत घेणाऱ्या मुलीने लॅपटॉप मिटला. बायकोला फोनवर काय सांगायचं, तेसुद्धा त्याने मनात जुळवून टाकलं.

"सर, एक विचारू?" ती जरा संकोचून म्हणाली. "तुमचा क्लास कुठला? सकाळपासून जे जे आले, ते सगळे इथेच चुकले, आणि सगळे 'अरेच्चा' म्हणाले."