जळक्या मोटरचा वास

लेकीनं दार ढकललं आणि तिच्या नाकात जळका वास भसकन शिरला. ती उंबऱ्यातच थबकली. वासाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. वडिलांसमोर या घरात वासाचा विषय कुणीच काढत नसे.

"फोनवर म्हणालात ते हेच ना? बंद कसं पडलं?" तिनं हत्यारांची पिशवी खाली ठेवत विचारलं.

"चालता चालता बसलं." वडील यंत्राशेजारच्या स्टुलावर अंग चोरून बसले होते. "माझ्याच हातून काहीतरी झालंय बघ. तू हौसेनं आणून दिलंस, आणि मी त्याची वाट लावली."

कोरीवकाम करणारं ते छोटं यंत्र खिडकीखालच्या टेबलावर गप्प उभं होतं. त्याच्या पात्याखाली देवदाराच्या फळीवर अर्धी कोरलेली वेल होती. एका पानाचं फक्त टोक उमटलं होतं.

"बघूया तरी. माणूस लगेच तिरडी बांधायला घेतो का?"

वडील कसेबसे हसले.

लेक लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होती. दिवसभर अडकलेल्या लिफ्ट आणि त्यांतली वैतागलेली माणसं सोडवायची, त्यामुळे घाई तिच्या स्वभावातून केव्हाच गेली होती. तिनं आधी भिंतीतला प्लग तपासला. तो ठीक होता. फ्यूज शाबूत होता. मोटरच्या वायरींपर्यंत वीज येत होती. मग प्लग काढून तिनं पातं धरलेला दांडा बोटांनी फिरवून पाहिला. तो लोण्यासारखा फिरला.

"म्हणजे बेअरिंग धडधाकट आहे," ती म्हणाली. "बंद पडायच्या आधी आवाज बदलला होता?"

"जरा घोगरा झाला होता. मला वाटलं, लाकडात गाठ लागली असेल. म्हणून चालू दिलं."

"आणि वास..." ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"तो कुठून कळणार मला?" वडील शांतपणे म्हणाले.

कामावर परांचीवरून पडल्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता. डोक्याला झालेली जखम भरली, हातांचा कंप तेवढा राहिला. वासाबद्दल डॉक्टर म्हणाले होते, आला तर येईल. जन्मभर ज्यानं डोळे मिटून नुसत्या भुशाच्या वासावरून लाकूड ओळखलं, त्या सुतारानं त्यानंतर लाकडाची गोष्टच सोडली होती. यंत्र आलं तेव्हा लेकीचं मन राखायला म्हणून ते त्यापुढे बसू लागले होते.

लेक मान खाली घालून मोटरचे स्क्रू काढू लागली. तिनं मोटरच्या आत वीज पोचवणारे बाजूचे दोन्ही कार्बन काढून पाहिले. ते पुरेसे लांब होते, झिजले नव्हते. तिनं मीटरच्या सुया मोटरच्या दोन टोकांना लावल्या. काटा जागचा हलला नाही. तिनं सुया पुसून परत लावल्या. पुन्हा तेच.

"आतलं वाइंडिंग गेलेलं दिसतंय. झाकण काढल्याशिवाय खात्री नाही."

झाकण घट्ट बसलं होतं. वडिलांनी पुढे होऊन मोटर दोन्ही हातांनी दाबून धरली. लेकीनं जोर लावला, तसं ते टक्कन निघालं. हवा आत जायच्या जाळीत भुशाचा गठ्ठा बसला होता.

"हे बघा. श्वासच कोंडला बिचारीचा. तुमचा दोष नाही, ही जाळी साफ करायला मीच शिकवलं नव्हतं."

वडील मोटरवर वाकलेले होते. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी नाक मुरडलं.

"वाइंडिंगच आहे," ते म्हणाले. "तारांवरचं वार्निश जळालंय. पार कोळसा झालाय."

"हो, काळं पडलंय सगळं," लेक बॅटरी आत धरत म्हणाली आणि एकदम थांबली. तिनं मान वर केली. "बाबा, तुमचा चष्मा कपाळावर आहे."

"मग?"

"मग तुम्हाला दिसलं कसं?"

"दिसलं कुठे? हे काय, एवढा उग्र..."

त्यांचं वाक्य तिथेच तुटलं.

लेक धडपडत उठली. तिनं देवदाराची ढलपी हातावर चोळून वडिलांच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मान हलवली. नाही. तिनं सागवानाचा भुसा धरला. तोही नाही. मग त्यांनी स्वतःच मोटर उचलली, लहान मूल उचलावं तशी दोन्ही हातांनी, आणि नाकाजवळ नेली. त्यांना जोराचा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"येतोय," ते म्हणाले. "हाच येतोय. फक्त हाच, पण येतोय गं!"

लेकीला हसू आवरेना. "नवी मोटर आणते उद्या. हिच्याहून दमदार."

"आण. पण हिला काही बोलू नकोस."

तेवढ्यात आई बाजारातून आली. पाऊल आत पडताच तिनं नाकाला रुमाल लावला.

"अगं बाई! काय जाळलंत दोघांनी मिळून? बसवतं तरी कसं तुम्हाला इथे?" भाजीची पिशवी काखेत तशीच धरून ती तरातरा खिडकीकडे गेली. लेक काही बोलणार, तोवर आईचा हात कडीवर पोचलासुद्धा.

"राहू दे," वडील म्हणाले. "जरा वेळ उघडू नकोस."

"अहो, राहू दे काय? डोकं उठलंय माझं या वासानं!"

"माझंही," वडील म्हणाले.

आईचा हात कडीवरच थांबला. तिनं वळून आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीनं नुसती मान डोलावली.

आईनं कडी सोडली. पिशवी जमिनीवर ठेवली, नवऱ्याशेजारी स्टूल ओढून बसली आणि नाकावरचा रुमाल काढून मांडीवर ठेवला.