हलकी पिशवी

आईची कात्री कारखान्यात अडकली ती अडकलीच. मालकाने एका सकाळी न सांगता गेटला कुलूप ठोकलं आणि महिनाभराने उघडलं, तेव्हा टेबलं रिकामी होती. म्हणून मी तिथेच शिवायला लागल्यापासून माझी कात्री रोज घरी नेत आले. यंदा मालक कारखाना विकून मोकळा झाला. घेतला आम्ही कामगारांनीच. आज पहिली सभा झाली, माणशी एक मत. गेटवरची झडती बंद, हा पहिला ठराव. त्याला वॉचमनकाकांनीही हात वर केला. तरी सुटताना त्यांनी सवयीने माझी पिशवी धरलीच, मग जीभ चावली. "चुकलं, पोरी!" पण पिशवी परत देताना ते थबकले. "हलकी लागतेय. कात्री विसरलीस?" "विसरेन कशी? टेबलावर ठेवलीय." "आणि कुणी पुन्हा कुलूप ठोकलं तर?" "त्याला आधी मला विचारावं लागेल," मी म्हटलं, "आणि तुम्हालाही."