देवमनची लेकरं

"तुम्हाला लेकरं किती?" जानरावच्या वकिलानं विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मनकर्णानं कठडा घट्ट धरला. समोर तिचा सख्खा भाऊ जानराव बसला होता. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

"एक. पोरगा हाय."

"कमावता?"

"हो. एसटीत कंडक्टर हाय."

"नवरा आहे, कमावता मुलगा आहे. मग बापाच्या शेतावर डोळा कशाला?"

कुणीतरी फिदकन हसलं. अकोटजवळचं ते शेत तिच्या बापानं, देवमननं, कापसाच्या जिनात रुईच्या गाठी उचलून घेतलं होतं. बाप गेला आणि जानरावनं ते विकायला काढलं. छप्पन सालच्या वारसा कायद्यानं लेकीलाही वाटा आहे, असं कळलं म्हणून ती अकोल्याच्या कोर्टात आली. "कोर्टाची पायरी चढल्या तं माहेर तुटलं समजा, बाई," असं भावजयीनं बजावलं होतं. आता माहेरही गेलं आणि शेतही जाणार, असं तिला वाटू लागलं.

"बसा तुम्ही," जज्जबाई म्हणाल्या.

त्या खुर्चीवर बाई बसलेली या कोर्टानं पहिल्यांदाच पाहिली होती. सुरुवातीला रिकामटेकडे लोक नुसते बघायला यायचे. जज्जबाईंनी दोघाचौघांना बाहेरचा रस्ता दाखवला, तेव्हा त्यांची हौस फिटली.

मागच्या बाकावर मनकर्णाची लेक शकुन भाकरीचं गाठोडं घेऊन बसली होती. आईला जागा द्यायला ती सरकली, पण तिनं आईकडे बघितलं नाही.

जानरावनं शपथ घेतली. पहिला प्रश्न जज्जबाईंनीच विचारला.

"देवमनला लेकरं किती?"

"एकच, बाईसाहेब. मीच."

तो खोटं बोलत नव्हता. गावात असंच मोजतात. लेकरं विचारली की माणूस पोरगे सांगतो.

"मग मघाशी इथं उभी होती, ती बाई कोण?"

"माही बहीण."

"सख्खी?"

"हो, सख्खी."

जज्जबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुमची सख्खी बहीण. मग तुमच्या बापाची कोण?"

वकील लगबगीनं उठला.

"बसा, वकीलसाहेब. उत्तर त्यांना देऊ द्या."

जानरावनं मानेवरचा घाम पुसला.

"लेक," तो पुटपुटला.

"पुन्हा विचारते. देवमनला लेकरं किती?"

"दोन."

मनकर्णाचे डोळे भरून आले. आवाज न चढवता या बाईनं एका पुरुषाला मोजायला लावलं होतं. उठून तिचे पाय धरावेत, असं तिला वाटलं. आता शेत वाचेल. तिनं आनंदानं शकुनचा हात धरायला हात पुढे केला.

शकुन खाली फरशीकडे बघत होती. तिनं हात दिला नाही.

मनकर्णा ताडकन उभी राहिली.

"बाईसाहेब."

पट्टेवाल्यानं तिला दटावलं. जज्जबाईंनी त्याला हातानंच थांबवलं. "बोला."

"मघा माहं सांगनं चुकलं," मनकर्णा म्हणाली. "मले बी दोन लेकरं हायेत."