बोक्याची साक्ष

"बसून करतो की शेपटी उभारून?" जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शेपटी उभारून. आणि ह्यांच्याच बुटांवर," घड्याळजींची बायको म्हणाली. आणखी एक जोड वाया गेला होता. आज औषध सापडलं नाही तर बोका दुसऱ्या घरी द्यायचा, असं तिनं निघतानाच बजावलं होतं. घड्याळजींचा त्या बोक्यावर जीव. वाटभर टोपली मांडीवर धरून ते मनातल्या मनात त्याची माफी मागत होते.

लघवी तपासून झाली. खडा नाही, जंतू नाही, बोका ठणठणीत. बाई म्हणाल्या, हा आजार नाही, हद्दीचा प्रश्न आहे. परक्या मांजराचा वास आला की बोका त्यावर आपला शिक्का मारतो. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "हे बूट मांजर असलेल्या कुणाच्या घरी जातात का?"

घड्याळजींनी पाय खुर्चीखाली ओढले. तसं घर एकच होतं, पलीकडच्या गल्लीतलं, त्यांच्या आईचं. फ्रिजमधल्या एका कप्प्यावरून सासू-सुनेचं वाजलं, आणि सासूबाई आपली मांजरी घेऊन वेगळ्या राहायला गेल्या. त्या आपणहून येईपर्यंत या घरातल्या कुणीही तो जिना चढायचा नाही, असं ठरलं. ठरवलं बायकोनं, मान डोलावली घड्याळजींनी.

गप्प बसावं तर बोका जातो, बोलावं तर घरात महाभारत. टोपलीतून बोका साळसूदपणे त्यांच्याकडे बघत होता.

"मी आईकडे जातो," ते एकदाचे बोलून गेले. "दर गुरुवारी, दुकान लवकर बंद करून. बोक्याचा काही दोष नाही."

तेवढ्यात बोका टोपलीतून खाली उतरला. घरी कायम कपाटात बंद असणारी बायकोची पर्स आज खुर्चीशी ठेवलेली होती. त्यानं ती नीट हुंगली, पाठ वळवली आणि शेपटी उभारली.

बाईंनी निमूटपणे कापूस पुढे केला. घड्याळजींनी आधी पर्सकडे बघितलं, मग बायकोकडे.

पर्स पुसता पुसता ती म्हणाली, "गुरुवारी तुम्ही असता ना तिथे, म्हणून मी मंगळवारी जाते."