वास्तू सुरक्षित

साहेब, तुम्ही खोटं बोललात. माझी बायको भिंतीखाली मेली, ते "आम्हाला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही" असं तुम्ही पेपरवाल्यांना सांगितलंत.

दीडशे वर्षांच्या त्या दगडी इमारतीला तुम्ही बावीस वायरलेस सेन्सर बसवलेत. दगड केसभर हलला तरी तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज यायचा. मी तिथला वॉचमन. सेन्सरचे हिरवे दिवे रोज बघायचं काम माझ्याकडे, म्हणून त्या ग्रुपात मीही होतो.

बसवायच्या दिवशीच मी म्हणालो होतो, "साहेब, एखादा मागं आमच्या क्वार्टरच्या भिंतीलाही लावा की. भेगेत माझा हात जातोय."

तुम्ही म्हणालात, "उत्तरेश्वर, आधी तुमची खोली शंभर वर्षांची होऊ द्या, मग बघू."

सगळे हसले. नोकरी टिकवायची होती, म्हणून मीही हसलो.

मंगळवारी दुपारी ती भिंत पडली. वेणू आत तांदूळ निवडत बसली होती. मी हातांनी विटा उपसत असताना मोबाईल वाजला. ग्रुपवर तुमच्या इंजिनिअरचा मेसेज होता, "मागच्या बाजूला मोठा हादरा. वास्तू सुरक्षित."

मातीनं भरलेल्या बोटांनी मी त्याखाली लिहिलं, "आमची भिंत पडली. बायको आत आहे. माणसं पाठवा."

मिनिटभरात सगळ्यात खाली तुमचा नुसता अंगठा आला. माणसं आली नाहीत.



आता एवढंच सांगा साहेब, तो अंगठा कुठल्या मेसेजला होता?