गोदाची जागा

"ओझ्यानं असं होत नाही, अक्का," वसंता म्हणाली. "इथं कुणी धरायचं का तुम्हांला?"

धनलक्ष्मी पालथी पडून होती. भांड्यांच्या दुकानामागची खोली, खाली चटई, वर कुरकुरणारा पंखा. वसंताचा हात तिच्या पाठीवर डावीकडे, खांद्याच्या पात्याखाली टेकलेला होता आणि जेमतेम सरकत होता. तेल नाही, चोळणं नाही. कुंभकोणमच्या बायकांना हे मालिश वाटतच नसे. पाँडिचेरीला जाऊन फ्रेंच बाईकडून ही पोरगी एवढंच काय ते शिकून आली, असं त्या म्हणत आणि कंबर धरली की गुमान तिच्याकडेच येत.

"मांसावर एक पातळ आवरण असतं," वसंता तमिळमध्ये समजावत होती. "पपनसाच्या फोडीवर असतं ना, तसं. माणूस वर्षानुवर्षं एकाच बाजूला कलला की ते तसंच आखडून बसतं. ते मी सावकाश मोकळं करते. श्वास सोडा."

धनलक्ष्मीनं श्वास सोडला. कमरेची डावी बाजू केव्हाच सैल झाली होती. आपले दोन्ही पाय सारखेच लांब आहेत, हे तिला कित्येक दिवसांनी जाणवत होतं. बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच तिला लाज वाटत होती.

"कोण धरायचं?" वसंतानं पुन्हा विचारलं.

"गोदा. माझी लेंक."

बाहेरच्यांशी ती तमिळच बोलायची. पण मुलीचं नाव आलं आणि तिच्या तोंडी आपसूक घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली जुनी मराठी आली. वसंताला मराठी येत नव्हती, तरी तिला समजलं.

गोदाला चालता येत नव्हतं. आठ वर्षं ती जगली ती आईच्या डाव्या कडेवरच. उजव्या हातानं आई भात ढवळायची आणि गोदा पडू नये म्हणून आईच्या पाठीत चार बोटं रुतवून बसायची. गेल्या आषाढात ती तापानं गेली. लग्न न झालेल्या पोरीचं श्राद्ध नसतं, तिला तिथी नसते, असं भटजींनी सांगितलं. फोटो काढला की आयुष्य उणं होतं म्हणून आजारी पोरीचा फोटोही कुणी काढू दिला नव्हता. तिच्या नावानं कावळ्याला घाससुद्धा पडत नव्हता. तिचे वडील मुकुंदराव तर त्या दिवसापासून तिचं नावच घेत नव्हते. आज सकाळी बायकोला इथं आणलं तेव्हा ते वसंताला एवढंच म्हणाले, "सरळ करा हिला. बघवत नाही." आणि समोरच्या पानाच्या दुकानापाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बाप्यांचं बरं असतं, धनलक्ष्मीच्या मनात आलं. मूग गिळून बसले की झालं.

"आता एवढंच राहिलं," वसंता म्हणाली. तिची बोटं पात्याखालच्या त्या कडक जागेवर थांबली होती. "हे सुटलं की खांदा जागेवर येईल. सरळ उभ्या राहाल."

"राहूं दे."

"दुखत नाही का?"

"दुखतें. निजतां येत नाहीं इतकें दुखतें." धनलक्ष्मीनं तोंड चटईत खुपसलं. तिथूनच ती बोलली, अर्धं तमिळ, अर्धं मराठी. "तेथें तिचीं बोटें आहेत, वसंता. दुसरें कांहींच ठेविलें नाहीं तिनें मजजवळ. हेंही काढून घेऊं नको, पोरी."

हातातलं काम अर्ध्यावर सोडायचा वसंताचा स्वभाव नव्हता. तिनं हात उचलला नाही, पण दाबलाही नाही. हाताखालची पाठ हुंदक्यांनी हलत होती. दुकानात कुणीतरी पितळेची घागर वाजवून पाहत होतं. पाठ शांत होईपर्यंत वसंता तशीच बसून राहिली.

धनलक्ष्मी बाहेर आली तेव्हा तिची कंबर सरळ झाली होती, खांदा मात्र तसाच होता. मुकुंदरावांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगो, झालें?"

"झालें तेवढें झालें."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि ते चालू लागले. नेहमीसारखे दोन पावलं पुढं. देवळाकडे जाणारी ती गल्ली आधीच अरुंद, त्यात दोन्ही बाजूंना दुकानदारांनी मांडलेल्या टोपल्या. मागून केळीच्या घडांनी लादलेली बैलगाडी आली. गाडीवाला ओरडला. धनलक्ष्मी भिंतीला चिकटली, तरी चाक तिच्या डाव्या अंगाला अगदी घासून येत होतं.

मुकुंदराव गर्रकन मागं वळले. वाकले. दोन्ही हात पुढं करून त्यांनी तिच्या डाव्या गुडघ्यापाशी काहीतरी झटकन गोळा करून आत घेतलं.

गोदा मोठी झाली तसे तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबायला लागले होते. रस्त्यात गाडी आली की मुकुंदराव असेच धावत मागं यायचे आणि ते पाय ओंजळीत उचलून घ्यायचे.

गाडी निघून गेली. मुकुंदराव तसेच वाकून राहिले, रिकामी ओंजळ छातीशी धरून. टोपलीवाली बाई त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांना उठता येईना, आणि वर बायकोच्या तोंडाकडे बघवेना.

धनलक्ष्मीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिला लागलें नाहीं हो," ती म्हणाली.